वजनाला बरोबर भरलेली खोटी नाणी

मी, श्रीकृष्ण वामन असनारे, वय त्र्याहत्तर वर्षे पूर्ण, धंदा सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक, राहणार प्लॉट क्र. १७, लोहारा, यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी स्मृती शाबूत आहे, चष्मा लावला की अक्षर नीट दिसते आणि कोणी मला धाक दाखवलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेबांनी मसुदा पाहिला आणि कलम पाच फार लांबले आहे, ते चार ओळींत बसेल, असे सांगितले. ते मी ऐकलेले नाही. ते कलम लिहायचे म्हणूनच मी या कागदाला बसलो.

कलम १. याआधी सन २०२० मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात इंदूबाईंचे नाव नव्हते.

कलम २. माझी पत्नी रजनी सन २०१९ मध्ये वारली. आम्हाला एकच मुलगी, दीपा. ती नागपूरला कॉलेजात शिकवते. माझा थोरला भाऊ हयात नाही; त्याचा मुलगा पियुष पुसदला आमचे वडिलोपार्जित शेत वाहतो आणि आठवड्यातून एकदा मला पाहायला येतो. इंदूबाई देवराव नागतोडे या सन २०१६ पासून माझ्या घरी स्वयंपाक व वरकाम करतात. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. या मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार आहे ती एवढीच माणसे, आणि पियुषची छोटी मुलगी स्पृहा.

कलम ३. लोहारा येथील राहते घर मी दीपाला देतो. मात्र मागच्या अंगणातल्या दोन खोल्या, न्हाणीघर व बोअरचे पाणी यांवर इंदूबाईंचा त्या जिवंत असेपर्यंत हक्क राहील. दीपाने घर विकले तरी हा हक्क विकला जाणार नाही. हे मी दीपाला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, दोन खोल्यांनी भागेल का त्यांचं? पुढची खोलीही द्या, तिकडे लोक येतात त्यांच्याकडे." त्यामुळे पुढची खोलीही जोडली आहे. माझ्या मुलीला मी दिलेली एकही वस्तू तिच्या या बोलण्याच्या तोलाची नाही.

कलम ४. पुसदजवळच्या शेतातला माझा अर्धा हिस्सा पियुषला द्यावा. कपाशी आणि तूर तो लावतो, उन्हात तो उभा राहतो, तेव्हा जमीन त्याचीच. त्याच्यावर माझा राग आहे. तो का, हे पुढे येईल. पण त्या रागात माझाही वाटा आहे, म्हणून शेताच्या वाटणीत तो आणलेला नाही.

कलम ५. चांदीची नाणी.

माझ्या आलमारीत परदेशी टांकसाळींची, एक औंसाची म्हणजे ३१.१ ग्रॅमची, शुद्ध चांदीची तेरा नाणी आहेत. ती माझ्याकडे कशी राहिली आणि कोणामुळे ओळखली गेली, हे सांगितल्याशिवाय ती कोणाला द्यायची ते समजणार नाही.

मी चौतीस वर्षे वजनमापे तपासली. वणी, पुसद, दारव्हा, राळेगाव, सगळीकडचे बाजार फिरलो. वजनाच्या पोटातले शिसे कोरून काढणारे पाहिले, तागडीच्या पारड्याखाली मेण लावणारे पाहिले. एका कापूस व्यापाऱ्याने माझी बदली करवली होती; तरी मी जाताजाता त्याचा काटा जप्त करून गेलो. त्याला मी अजून माफ केलेले नाही, आणि हे इथे लिहिताना मला बरे वाटत आहे.

रजनी गेल्यावर आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागल्यावर घर खायला उठले. तेव्हा मोबाइलवर नाण्यांचे लिलाव पाहायची सवय लागली. घड्याळ उलटे पळत असते, कोणी तरी बोली वाढवते, आपणही वाढवतो. पार्सल आले की मी नाणे काट्यावर ठेवायचो, चुंबक लावायचो. वजन बरोबर, चुंबक चिकटत नाही, म्हणजे चांदी. नाणे आलमारीत. असे करता करता एका विक्रेत्याकडून मी बरीच नाणी घेतली.

सन २०२३ च्या दिवाळीआधी आलमारी पुसताना इंदूबाईंनी मला हाक मारली. नाण्यांच्या दोन चळती त्यांनी पुसून शेजारी ठेवल्या होत्या.

"सायेब, याच्यात बी दहा, याच्यात बी दहा. मंग ही चळत उंच काहून?"

ज्वारीच्या दाण्याएवढा फरक असेल. मी म्हणालो, "इंदूबाई, वेगवेगळ्या टांकसाळी असतात. मी सगळी काट्यावर घातली आहेत. काटा खोटं बोलत नाही."

त्या "बरं जी" म्हणाल्या आणि आलमारी लावून घेतली.

पुढच्या महिन्यात स्पृहाचे बारसे झाले. मी तिला त्या उंच चळतीतली दोन नाणी दिली आणि चळतीत नंतर आलेली दोन ठेवली. पियुष ती नाणी वाळे करायला सराफाकडे घेऊन गेला. सराफाने एका नाण्यावर छिन्नी मारली. आत पिवळे निघाले. पितळेवर चांदीचा मुलामा.

चार लोकांसमोर दुकानात मान खाली घालावी लागली म्हणून पियुष दुसऱ्याच दिवशी पहाटे गाडी काढून यवतमाळला आला. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओसरीवर होतो, इंदूबाई तांदूळ निवडत होत्या. फाटक उघडे होते आणि आमच्या वसाहतीतल्या, म्हणजे लेआउटमधल्या, दोन-तीन बायका भाजीच्या गाडीपाशी उभ्या होत्या.

"काका, तुम्ही हे तपासलं होतं ना?"

"हो. वजन, चुंबक, दोन्ही."

"मंग तुमच्या हातून निघालं तवा खरं होतं. घरातच बदललं कोणी तरी. आलमारीची चाबी कोणाजवळ असते?"

चावी इंदूबाईंजवळ असते हे त्याला माहीत होते. भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांनी इकडे माना वळवल्या. इंदूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी काही बोललो नाही.

मी त्या वेळी काय विचार करत होतो, तेही लिहून ठेवतो, कारण ते टाळले तर या कागदाला अर्थ नाही. माझी तपासणी चुकली असेल, हे माझ्या मनातही आले नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीवर डाग येण्यापेक्षा आठ वर्षे माझ्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईवर डाग येणे मला सोपे वाटले.

इंदूबाईंनी कमरेची चावी काढून ओसरीच्या कडाप्प्यावर ठेवली. निवडलेले तांदूळ आत ठेवून आल्या. "गॅस बंद केला हाय," एवढे म्हणून त्या गेल्या. त्या आठवड्यात लेआउटमधल्या आणखी तीन घरांनी त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितले.

अकरा दिवस मी स्वतः खिचडी करून खाल्ली. बाराव्या दिवशी इंदूबाई फाटकात उभ्या दिसल्या. मला वाटले भांडायला आल्या. माझी तयारी होती, किंबहुना भांडल्या असत्या तर मला हलके वाटले असते.

"सायेब, त्याच माणसाकडून मांगवलेलं ते पाच नाण्याचं पार्सल येनार होतं. आलं का?"

"नाही अजून."

"आलं की फोडू नका. पोस्टमनले थांबवा, पियुषभाऊले बलवा, मंग फोडा. आन एक करा. ते जे सराफानं फोडलं, त्याच्या जोडीचं दुसरं हाय ना, ते काट्यावर ठेवा."

मी काटा आणला. पियुषने त्या दिवशी टाकून दिलेले नाणे ठेवले. ३१.१.

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"हे खोटं हाय, तरी बरोबर हाय. मंग घेतलं तवा बी एवढंच भरलं असन. बदललं का नाही बदललं, हे तुमच्या काट्याले कसं समजन जी?"

एवढी साधी गोष्ट. जी तपासणी खोट्यालाही पास करते, तिच्या जोरावर मी एका माणसाला चोर ठरू दिले होते. मी खात्यात असंख्य अहवाल लिहिले आणि वाचले, पण इतका सरळ प्रश्न कोणी मला विचारला नव्हता. इंदूबाई रागाने बोलत नव्हत्या. मुलाला गणितातली चूक दाखवावी तसे बोट ठेवत होत्या.

मी त्यांना बसायला सांगितले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले की इंदूबाई झारेकऱ्यांच्या घरातल्या. सोनारांच्या दुकानातली झाडझूड, भट्टीची राख, गल्लीतल्या नालीचा गाळ धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण काढायचे, हा त्यांच्या वडिलांचा धंदा. सात वर्षांच्या असल्यापासून त्या वडिलांसोबत घमेले घेऊन बसत. कण चांदीचा की कथलाचा, हे त्यांना बोटाने कळते. आठ वर्षांत मी त्यांना कधी विचारले नव्हते की लग्नाआधी तुम्ही काय करत होता.

तीन दिवसांनी पार्सल आले. पोस्टमन गोविंदा भगत सायकल लावून थांबला. पियुष पुसदहून आला, तोंड पाडून. शेजारच्या सुरभीताई कोठेकर फाटकातून आत आल्या. पार्सल गोविंदानेच फोडले, आणि दीपाच्या सांगण्यावरून मी मोबाइलवर चित्रण केले. इंदूबाई ओसरीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसल्या.

"मी हात लावत नाही. पाहत बी नाही. एकेक करून कडाप्प्यावर टाका. लय उंचावरून नको. एक बोटभर."

गोविंदाने पहिले नाणे टाकले. ते वाजले, आणि वाजत राहिले.

"खरं," इंदूबाई म्हणाल्या.

दुसरे.

"खोटं. पोटात मुकं हाय."

तिसरे खोटे, चौथे खरे, पाचवे खोटे. मी पाच कागदांवर तसे लिहून त्यावर नाणी ठेवली. मग माझी पाळी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याने पाण्यात टांगले, तळाला न टेकवता. खऱ्या चांदीच्या या नाण्याने काटा तीन ग्रॅमच्या आसपास दाखवतो. पितळेचे तेवढ्याच वजनाचे नाणे आकाराने मोठे असते, जास्त पाणी सारते, म्हणून काटा साडेतीनच्या पुढे जातो. शाळेत शिकलेली गोष्ट. मी ती केली नव्हती, कारण वजन बरोबर आले की माझे समाधान होत असे. पाचही नाणी पाण्याने तशीच सांगितली, जशी इंदूबाईंनी पाठ करून सांगितली होती. बंद पार्सलातच तीन खोटी होती.

गोविंदा मोठ्याने म्हणाला, "बाप्पा!" थोड्या वेळाने पियुष आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी घेऊन आला. इंदूबाईंचा पेला त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. तोंडाने माफी मात्र मागितली नाही. माझा त्याच्यावरचा राग तो हाच.

नंतर आलमारीतली वीस नाणी वाजवली. बारा खरी, सात खोटी. विसावे त्यांनी चार वेळा टाकायला लावले आणि म्हणाल्या, "याचं मले समजून नाही राह्यलं. खोटं सांगू का? नाही समजत." पाण्याच्या मापातही ते किंचित इकडेतिकडे होत होते. नागपूरला धातू तपासायच्या यंत्रावर तपासून घेतले तेव्हा ते खरे निघाले, फक्त काठाशी बारीक चीर होती म्हणून आवाज फुटत होता. आधीच्या पाच अचूक उत्तरांपेक्षा मला त्यांचे हे न समजणे थोर वाटले. ज्यांच्यावर चोरीचा आळ होता, त्यांना सगळे येते असे दाखवायची केवढी संधी होती! माझ्या खात्यात मी स्वतः असे 'समजत नाही' कधी लिहिले होते का, हे आठवून पाहिले. आठवले नाही.

पाच नाण्यांचे पार्सल चित्रणासह साइटला परत पाठवले. त्यांनी रक्कम परत केली आणि त्या विक्रेत्याचे खाते बंद झाले. आधीच्या सातांची मुदत निघून गेली होती. ती माझ्या हुशारीची किंमत म्हणून मी धरून चाललो आहे.

तेव्हा आता वाटप असे. तेरा खऱ्या नाण्यांपैकी दोन स्पृहाला, तिला दिलेल्या खोट्या नाण्यांच्या बदल्यात. उरलेली अकरा इंदूबाईंना. हे त्यांना सांगितले तेव्हा वाटले होते नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "घीन ना. लाजाचं काय त्यात? माह्या बापानं नालीत हात घालून कण कण काढला. मले अख्खं नाणं कोणी देत असन तर मी कायले नाही म्हणू?"

सात खोटी नाणी आणि स्पृहाला दिलेल्यांपैकी न फोडलेले एक, अशी आठ माझ्यामागे दीपासमोर छिन्नीने दोन दोन तुकडे करून भंगारात टाकावीत. एकही नाणे अख्खे घराबाहेर जाऊ नये, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

कलम ६. माझा काटा, जाडी मोजायचे व्हर्निअर, प्रमाण वजनांची पेटी व पाण्याचे सामान इंदूबाईंना द्यावे. गेले वर्षभर लोक पुढच्या खोलीत नाणी घेऊन येतात. कोणी लिलावातून घेतलेले, कोणी सासऱ्याने ठेवलेले. इंदूबाई वाजवतात, मी जाडी मोजतो आणि पाण्यात टांगतो. दोघांचे जुळले तरच सांगतो. राजूरचा खाणीतला एक कामगार, गुलाबसिंग, बायकोचे पैंजण मोडून त्याच्या बदली लिलावातली नाणी घेणार होता. नमुन्याचे नाणे इंदूबाईंनी एकदाच वाजवले आणि त्याच्या हातात परत देऊन म्हणाल्या, "भाऊ, पैंजण राहू दे बाईच्या पायात." तो माणूस उंबऱ्यावर बसून राहिला होता.

व्हर्निअर वाचायला त्या माझ्याकडून शिकल्या. आकडे येत नव्हते. दोन महिन्यांत शिकल्या, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी त्यांच्याकडून कान शिकायचा प्रयत्न केला. दहातली सहा ओळखतो.

कलम ७. माझ्यामागे घरातले कोणी लिलावात नाणे घेणार असेल तर माझा अनुभव असा. चांदीच्या त्या दिवसाच्या भावापेक्षा नाणे स्वस्त मिळत असेल तर का, हे आधी स्वतःला विचारावे. मला वाटायचे की मी चतुर आहे म्हणून स्वस्त मिळते. विक्रेत्याचे सगळे जुने फोटो एकत्र लावून पाहावेत. दीपाने तसे पाहिले तेव्हा चार वेगळ्या लिलावांतल्या नाण्यांवर तोच एक ओरखडा सापडला, म्हणजे फोटो एकाच नाण्याचा, माल भलताच. प्रमाणपत्रावरचा आकडा दोन नाण्यांना सारखाच होता; मी प्रमाणपत्राचा कागद केवढा जाड आहे तेवढेच पाहिले होते. पार्सल चित्रण करत फोडावे. वजनासोबत व्यास आणि जाडी मोजावी, टांकसाळ ते आकडे जाहीर करते. पाण्यात टांगावे. शंका उरली तर यंत्रावर न्यावे, आणि मुदतीच्या आत न्यावे. विक्रेता खऱ्यात खोटे मिसळतो, म्हणून एक तपासून बाकीची सोडू नयेत. आणि घरात कोणी म्हणाले की चळत उंच दिसते, तर काम बाजूला ठेवून ती चळत मोजावी.

कलम ८. (हे कलम मी खोडले आहे. खुलासा खाली.)

खोडलेल्या कलमात मी असे लिहिले होते की, माझ्या तेरवीला जमलेल्या सर्वांसमोर पियुषने उभे राहून वाचावे : इंदूबाई नागतोडे यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता, आणि श्रीकृष्ण असनारे यांना बोलायला हवे होते तेव्हा ते गप्प राहिले.

मला ते कलम फार आवडले होते. काल दुपारी मी सगळा कागद इंदूबाईंना वाचून दाखवला. त्या पोळ्या लाटत ऐकत होत्या. आठव्या कलमावर लाटणे थांबले.

"तेरवीले?"

"हो. सगळे जमलेले असतात."

"सायेब, तुम्ही मेल्यावर कायले? तवा तुम्ही थोडीच ऐकनार. आन लोकं जेवाले येतात जी, कोणाचं ध्यान ऱ्हाते? ते तीन घरं अजून बी मले पाहून फाटक लोटून घेतात. तुमाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हते. पार्सल सगळ्यांसमोर फुटले, सुरभीताईंनी पाहिले, म्हणजे खरे काय ते लेआउटभर गेले असेल, असे मी चौदा महिने धरून चाललो होतो. आळ एका सकाळीत सगळीकडे गेला होता. खरे सांगायला मात्र कोणी दारोदार गेले नव्हते. सुरभीताईसुद्धा नाही, त्या तीन घरांतले एक घर त्यांचेच.

मी पियुषला फोन केला. कलम वाचून दाखवले आणि खोडतो आहे म्हणालो. तो म्हणाला, "उद्या येतो सकाळी. तुम्ही एकटे नका जाऊ."

आज सकाळी साडेनऊला आम्ही निघालो. मी काठी घेऊन, पियुष बाजूला, इंदूबाई दोन पावले मागे. पहिल्या घरी मी बोललो. दुसऱ्या घरीही मीच बोललो. तिथल्या बाईंनी "आम्ही कुठं काही म्हटलं होतं" असे म्हणून विषय टाळला. मी सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगितले. तिसरे घर सुरभीताईंचे. मी तोंड उघडण्याआधी पियुष पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशी फाटकात ओरडलो तो मी. मावशीनं काही घेतलं नव्हतं. मले माहीत नव्हतं तरी बोललो." मग वळून, रस्त्यावरच, त्याने इंदूबाईंचे पाय धरले. इंदूबाईंनी त्याला दंडाला धरून उठवले. "ऊठ बाप्पा. रस्ता हाय, गाडी येईन."

सुरभीताई खाली मान घालून म्हणाल्या, "इंदूबाई, उद्यापासून याल का कामावर?"

"नाही जी," इंदूबाई म्हणाल्या. "आता मले टाइम नाही."

त्यानंतर आम्ही घरी आलो आणि मी कलम आठवर दोन रेघा मारून शेजारी सही केली. वकीलसाहेब म्हणाले होते की खाडाखोड असेल तर सगळा कागद नव्याने लिहावा. मी नव्याने लिहिणार नाही. ही खाडाखोड राहू द्यावी.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे आणि बरोबर आहे. व्यवस्थापक म्हणून दीपाला नेमतो. खालील साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व मी त्यांना सही करताना पाहिले. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

ठिकाण : लोहारा, यवतमाळ
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५

(सही) श्रीकृष्ण वामन असनारे
मृत्युपत्र लिहून ठेवणार

साक्षीदार
१. (सही) गोविंदा भगत, पोस्टमन, यवतमाळ
२. (सही) सौ. सुरभी कोठेकर, प्लॉट क्र. १८, लोहारा, यवतमाळ